बोटीवरचा बार्बेक्यू नीट पेटत नाही? आधी हे तपासा

भरताचं वांगं ग्रिलवर ठेवून पाऊण तास झाला आणि सालीवर काळा डागसुद्धा नाही, म्हणजे दोष वांग्याचा नव्हे. हे मला पहिल्या उन्हाळ्यात कळायला तीन वांगी लागली.

अमेरिकेत मेरीलँडला, ॲनापोलिसच्या दक्षिणेला एका छोट्या खाडीत आमची 34 फुटी शिडाची बोट असते. मागच्या कठड्याला स्टीलचा छोटा गॅसचा बार्बेक्यू क्लॅम्पने अडकवलेला आहे. चेसापीक उपसागरात शनिवार-रविवार काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक बोटीवर असा एक असतोच, आणि दर मे महिन्यात त्यातले निम्मे रुसलेले असतात. 14 हंगामांत मी माझा अनेकदा आणि शेजाऱ्यांचे त्याहून जास्त वेळा दुरुस्त केले. दोष तेच ते निघतात. घरच्या अंगणातल्या ग्रिलला हे क्वचित होतं. बोटीवर खारी हवा, वारा, किडे आणि वर्षातले पाच-सहा महिने नुसतं लटकून राहणं, या चौघांची युती असते.

लक्षणं

तुमचं यातलं कोणतं ते आधी ठरवा.

ज्योत बारीक, नॉब पूर्ण उघडूनही झाकणावरचा काटा 250 फॅरनहाइटच्या पुढे सरकत नाही.

ज्योत पिवळी, आळसावलेली, आणि भांड्याला काजळी.

पेटतो छान, पण झाकण लावलं की दोन मिनिटांत विझतो.

बर्नरची एकच बाजू जळते, दुसरी मुकी.

बटण दाबलं की टक्‌ टक्‌ आवाज येतो, ठिणगी नाही.

पहिली पंधरा मिनिटं झक्कास, मग हळूहळू मंद. सिलिंडरला हात लावला तर गारठलेलं.

आणि ही दोन वेगळी: ज्योत बर्नरवर न दिसता नॉबच्या किंवा नळीच्या बाजूला दिसते, किंवा बोटीच्या आत गॅसचा वास येतो. यातलं काही असेल तर खालच्या तपासण्या करत बसू नका. सिलिंडरची चावी बंद करा आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा.

सुरुवात करण्यापूर्वी एक मिनिट

प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतो. घराच्या अंगणात तो गळला तर जमिनीवरून पसरून वाऱ्याबरोबर निघून जातो. बोट मात्र आकारानेच एक मोठी वाटी आहे. गळलेला गॅस कॉकपिटमधून, म्हणजे मागच्या उघड्या बसायच्या जागेतून, पायऱ्यांवरून खाली उतरतो आणि अगदी तळाला, बिल्जमध्ये, पाण्यासारखा साचतो. तिथे बिल्ज पंपाचा स्विच, बॅटरी, इंजिनाचा स्टार्टर सगळं हजर असतं. म्हणून कोणतीही तपासणी करताना केबिनचं दार आणि मागच्या खिडक्या बंद, ग्रिल कठड्याच्या बाहेर पाण्यावर, आणि जवळ पेट्रोलचा डबा नाही. डिंगीचं, म्हणजे किनाऱ्यावर जायच्या छोट्या होडीचं, पेट्रोलवर चालणारं आउटबोर्ड इंजिन त्याच कठड्यावर ग्रिलला खेटून लावलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या गृहस्थांना मी जरा जोरातच बोललो होतो.

डिंगी म्हटली की आणखी एक. ग्रिलच्या बरोबर खाली रबरी डिंगी बांधू नका. कोंबडीच्या चरबीचा एक पेटता थेंब पुरतो. आमच्या डिंगीवरचं गोल ठिगळ त्याचीच खूण आहे.

गॅस आहे का?

हसू नका. दर तीन तक्रारींतली एक इथेच मिटते. छोटं एक पौंडी सिलिंडर हलवून अंदाज येत नाही, कारण तळाला थोडा द्रव असला तरी तो खळखळतो. घरच्या वजनकाट्यावर ठेवा. रिकामं साधारण 400 ग्रॅमच्या आसपास भरतं, नवं कोरं साडेआठशेच्या वर. मधलं जे असेल तो तुमचा गॅस. बोटीवरचे छोटे ग्रिल ताशी साधारण 9,000 ते 12,000 बीटीयू (उष्णतेचं एकक) खातात आणि एका पौंडात 21,000 च्या थोडे वर असतात, म्हणजे पूर्ण आचेवर एक सिलिंडर पावणेदोन ते जवळपास अडीच तास. पाहुणे आठ आणि सिलिंडर एक असेल तर हिशोब आधीच करा.

गारठ्याचं लक्षण याच घरातलं. सिलिंडरात गॅस द्रवरूपात असतो, त्याची वाफ होते ती बर्नरकडे जाते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता तो सिलिंडरच्याच अंगातून ओढून घेतो. छोटं सिलिंडर मोठ्या आचेवर सतत चाललं की स्वतःला गोठवतं, आतला दाब पडतो, ज्योत खाली येते. माठातलं पाणी गार होतं त्याचंच हे भावंड. ऑक्टोबरच्या संध्याकाळी हे हमखास घडतं. उपाय एवढाच की दुसरं सिलिंडर तयार ठेवायचं आणि आलटून पालटून वापरायचं. सिलिंडरवर उकळतं पाणी ओतणं, ग्रिलच्या जवळ सरकवणं, लायटरची ज्योत दाखवणं हे प्रकार मी ऐकलेत. करणारे नशीबवान होते. आणि रिकामं झालेलं एक पौंडी सिलिंडर मोठ्यातून भरायचा जुगाडही नको. ती एकदाच वापरायची असतात, पुन्हा भरून वाहून नेणं अमेरिकेत केंद्रीय कायद्याने गुन्हा आहे, आणि एकदा उघडलेला त्यांचा व्हॉल्व्ह नंतर झिरपू शकतो.

युरोपात बोट असेल तर सिलिंडरवर ब्युटेन लिहिलंय का ते पाहा. प्रोपेन उणे 42 अंश सेल्सिअसपर्यंत उकळतो, ब्युटेन उणे अर्ध्या अंशापाशीच थांबतो. थंडीत ब्युटेनवर ग्रिल रडणारच. आपल्या देशातल्या लाल सिलिंडरात दोन्हींचं मिश्रण असतं, त्यामुळे हा फरक आपल्याला घरी कधी जाणवलेला नसतो.

चावी फार घाईत उघडली का?

मोठं, म्हणजे प्लॅस्टिकचं जाडजूड नट हाताने फिरवून बसवायचं सिलिंडर वापरत असाल तर हे वाचा. त्या जोडात एक सुरक्षा यंत्रणा असते. नळी तुटली आणि गॅस एकदम सुटला तर ती प्रवाह दाबून अगदी थोडा करते. पण तुम्ही ग्रिलचा नॉब उघडा ठेवून सिलिंडरची चावी गर्रकन फिरवलीत, तरी तिला वाटतं नळी तुटली. मग ज्योत इवलीशी, आणि तुम्ही ग्रिलला शिव्या देताय.

सगळे नॉब बंद. सिलिंडरची चावी बंद. नट सोडवा, दोन-तीन मिनिटं थांबा, परत बसवा. आता चावी हळूहळू उघडा, मग ग्रिलचा नॉब, मग ठिणगी. झाकण उघडंच. शेजारच्या बोटीवरच्या काकांचा ग्रिल या एका गोष्टीने चार वेळा ‘दुरुस्त’ झालाय. पाचव्या वेळी त्यांनी फोन केला नाही, मी समजलो की शिकले.

वारा आणि फॉइल

दोन्ही फुकटच्या तपासण्या.

नांगरावर असताना बोट नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्याकडे करून उभी राहते, म्हणून मागच्या कठड्यावरचा ग्रिल वाऱ्याखाली येतो. धूर आणि ठिणग्या बोटीपासून लांब जातात. मागचा कठडा हीच जागा योग्य असण्याचं कारण हे. धक्क्याला बांधलेली बोट मात्र वाऱ्याकडे वळू शकत नाही. वारा मागून आला की तो थेट बर्नरच्या तोंडात शिरतो, ज्योत उचलतो आणि विझवतो. तेव्हा क्लॅम्प सैल करून ग्रिल असा फिरवा की झाकणाची बिजागरी वाऱ्याकडे येईल. विझत असेल तर आच बारीक ठेवू नका, थोडी वाढवा. तसंही, धक्क्यावर ज्योत पेटवायला बऱ्याच मॅरीनांमध्ये, म्हणजे बोटी ठेवायच्या बंदरांत, मनाई असते. नियमावली वाचून घ्या.

इथे एक धोक्याची सूचना. घरातल्या शेगडीला ज्योत विझली की गॅस आपोआप बंद होण्याची सोय अनेकदा असते. बोटीवरच्या कित्येक छोट्या ग्रिलांना ती नसते. विझला की गॅस वाहतच राहतो. झाकण न उघडता पुन्हा बटण दाबलंत तर भुवया जातील. नॉब बंद, झाकण उघडं, पाच मिनिटं थांबा, मग पेटवा. पाच म्हणजे घड्याळाची पाच.

फॉइलचं असं, की धुवायला नको म्हणून लोक तळाला आणि जाळीवरही ॲल्युमिनियम फॉइल अंथरतात. तळाची भोकं हवेसाठी असतात. ती बुजली की बर्नर गुदमरतो, झाकण लावल्यावर विझतो, आणि अडलेली उष्णता खाली रेग्युलेटरकडे वळते. ‘झाकण लावलं की विझतो’ अशी तक्रार आली की मी आधी फॉइल शोधतो.

आतली शेगडी कशी जळते?

बोटीच्या स्वयंपाकाच्या शेगडीला आणि ग्रिलला एकाच मोठ्या सिलिंडरातून गॅस येत असेल, तर पाच सेकंदांची ही तपासणी तुमचा अर्धा दिवस वाचवेल. आतली शेगडी पेटवा. निळी, ताठ ज्योत असेल तर सिलिंडर, मुख्य रेग्युलेटर आणि विजेवर चालणारा गॅसचा व्हॉल्व्ह हे तिघेही निर्दोष. दोष ग्रिलमध्ये किंवा त्याच्या नळीत. आतलीही मंद असेल तर ग्रिल उघडत बसू नका, दुखणं गॅसच्या, म्हणजे सिलिंडर ठेवायच्या, कपाटात आहे.

मी हे पहिल्या वर्षी केलं नव्हतं. ग्रिल खोलून त्याचे सगळे भाग पसरले, आणि शेवटी मुलगी आतून ओरडली, ‘बाबा, चहा पण होत नाहीये.’

साबणाचं पाणी

पुढे काहीही खोलण्याआधी आणि परत जोडल्यावर, दोन्ही वेळा. भांडी धुण्याचा साबण पाण्यात फेटून ब्रशने प्रत्येक जोडावर लावा, गॅस चालू, ज्योत बंद. बुडबुडे फुगले की गळती. साबण अमोनिया नसलेला हवा, कारण अमोनियाने पितळेला बारीक चिरा पडतात. नंतर साध्या पाण्याने धुवा. आगकाडीने गळती शोधणारे अजून आहेत. त्यांच्याबरोबर बोटीवर जाऊ नका.

छोट्या सिलिंडरच्या जोडातली रबरी रिंग बहुतेक वेळा गुन्हेगार असते. ती सुकते, तडकते. तिच्यावर नखाने दाबून पाहा. मऊ नसेल तर त्याच मापाची गॅसला चालणारी नवी घाला. नळासाठीची घालू नका.

ठिणगी

यावर फार वेळ घालवू नका. खाऱ्या हवेत ठिणगीचं पिझो बटण दोन वर्षांत मरतं. टोकावरचा मीठ-चरबीचा थर गोड्या पाण्याने पुसा, कोरडं करा, टोक आणि बर्नर यांत तीन-चार मिलिमीटर अंतर आहे का पाहा. नाही चाललं तर लांब दांड्याचा लायटर घ्या आणि पुढे चला. ग्रिलचं काहीही बिघडलेलं नसतं.

नळीतली कुंभारीण

आता खरा मुद्दा. मे महिन्यात ‘मागच्या वर्षी तर मस्त चालत होता’ म्हणून जे ग्रिल येतात, त्यांतल्या बहुतेकांचं उत्तर इथे आहे.

जेटमधून, म्हणजे बारीक भोकाच्या पितळी तोंडातून, गॅस सुटतो तिथे बर्नरच्या नळीला एक उघडं तोंड असतं. गॅस आत झेपावताना बाजूची हवा ओढून घेतो आणि मिश्रण बर्नरवर जाऊन निळं जळतं. हवा कमी पडली की ज्योत पिवळी, काजळी, मंद. त्या उघड्या तोंडाला कोळी आणि कुंभारीण माशी फार आवडते. गावाकडे खिडकीच्या चौकटीत मातीची नळकांडी बांधणारी तीच कुंभारीण. इथल्या तिच्या चुलतबहिणी मेरीलँडच्या प्रत्येक धक्क्यावर आहेत आणि पेन्सिलीएवढं भोक दिसलं की त्यांना घर बांधायचा मोह आवरत नाही. कोळ्यांचं तर काय सांगावं. 2011 साली अमेरिकेत माझ्दा कंपनीला 50,000 हून जास्त गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कारण एका जातीचा कोळी पेट्रोलच्या टाकीच्या हवेच्या नळीत जाळी विणत होता. गाडीची ही गत, तर तुमचा ग्रिल काय चीज.

सिलिंडर काढून बाजूला ठेवा. ग्रिल पूर्ण गार हवा. बर्नर धरून ठेवणारा एकच स्क्रू किंवा खिळ असते, ती काढा आणि बर्नर नळीसकट बाहेर घ्या. नळी डोळ्याला लावून आकाशाकडे पाहा. गोल प्रकाश दिसायला हवा. आमच्या नळीत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंधार होता. बाटली धुवायचा पातळ ब्रश आत घातला तर अडला, फिरवून ओढला तर राखाडी मातीचा बोटाच्या पेराएवढा गोळा ताटलीत पडला. फोडला. आत सुकलेल्या कोळ्यांची चळत, एकावर एक, कुंभारणीने पिलांसाठी भरून ठेवलेला फराळ. माझ्या बायकोने ती ताटली पुन्हा कधी जेवायला वापरू दिली नाही.

ब्रश दोन्ही बाजूंनी फिरवा, गोड्या पाण्याने धुवा, उन्हात पूर्ण वाळवा. परत बसवताना नळीचं तोंड जेटवर नीट चढलंय याची खात्री करा. वाकडं बसलं तर गॅस बाहेर सांडतो आणि ज्योत नॉबच्या बाजूला पेटते. वर ज्या वेगळ्या लक्षणाचा उल्लेख केला ते बऱ्याचदा असंच उद्भवतं: कुणीतरी साफ केलं आणि घाईत बसवलं. माती अर्धवट भरलेली असली तरीही गॅस उलटा फिरून तिथेच पेटतो.

बर्नरची भोकं आणि जेट

बर्नर हातात आहेच तर पितळी ब्रशने भोकं घासा. भोकांच्या ओळीवरून आडवा ब्रश फिरवा, नाहीतर एका भोकातली घाण शेजारच्यात भरते. एकच बाजू जळते ती याच कारणाने. घासून झाल्यावर ब्रशचा सुटलेला केस जाळीवर राहिला नाही ना हे पाहा, तो पोटात जाणं वाईट. बर्नरला तडा किंवा दोन भोकं मिळून एक झालेलं दिसलं तर साफसफाई थांबवा, नवा बर्नर आणा. तिथे ज्योत एकवटते आणि खालचं काहीतरी वितळवते.

जेट म्हणजे पितळेचा छोटा स्क्रू, मधोमध मिलिमीटरपेक्षाही बारीक भोक. टाचणी, सुई, तार, ड्रिल काहीही त्यात घालायचं नाही. केसभर मोठं झालं तरी गॅस जास्त सुटतो आणि ग्रिलचं सगळं गणित बदलतं. स्पिरिटमध्ये तासभर बुडवा, उलट्या बाजूने हवेची फुंकर मारा, उजेडाकडे धरून पाहा. भोक मोकळं दिसत नसेल तर त्याच मॉडेलचा नवा घ्या. एवढासा भाग आहे, त्यावर हुशारी नको.

एकामागे एक दोन रेग्युलेटर

छोटी सिलिंडरं महाग पडतात, साठवायला जागा खातात, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी प्रत्येकाला सुचतं की ग्रिल बोटीच्या मोठ्या सिलिंडरला जोडू. कल्पना चांगली आहे. जोडणीत सगळे एकच चूक करतात.

एक पौंडी सिलिंडरला थेट लागणाऱ्या ग्रिलच्या नॉबमध्येच स्वतःचा रेग्युलेटर असतो. उन्हाळ्यात सिलिंडरच्या आत 100 पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच) वर दाब असतो. तो कमी करणं त्याचं काम. बोटीच्या मोठ्या सिलिंडरपाशी मुख्य रेग्युलेटर आधीच हा दाब अर्ध्या पीएसआयच्याही खाली आणतो, कारण आतल्या शेगडीला तेवढाच लागतो. आता हा पातळ झालेला गॅस तुम्ही ग्रिलच्या रेग्युलेटरमधून पुन्हा घालवलात. ताकाला आणखी पाणी. ज्योत जेमतेम दिसते, वांगं पांढरं राहतं, आणि बर्नर कितीही घासला तरी फरक पडत नाही.

बोटीच्या कमी दाबाच्या लाइनीसाठी बनवलेला वेगळा नॉब-व्हॉल्व्ह आणि त्याच्या जोडीचा जेट ग्रिलच्या कंपनीकडून घ्यावा लागतो. दोन्ही एकत्र बदलायचे. उलटं कधीच करू नका: कमी दाबाचा व्हॉल्व्ह कुठला तरी ॲडॉप्टर शोधून थेट सिलिंडरवर लावलात तर फूटभर ज्योत येईल. दोन्हींचे आटे वेगळे ठेवलेत ते उगाच नाही. सहज जुळत नसेल तर ते ‘नको’ असं सांगतंय.

नव्या नळीची फांदीसुद्धा गॅसच्या कपाटाच्या आतच निघायला हवी, बाहेर कॉकपिटच्या लाकडाखाली कुठेतरी टी-जोड लावून नव्हे. कपाट बोटीच्या आतल्या भागापासून पूर्ण बंद असतं आणि तळाशी त्याला बाहेर समुद्रात उघडणारी नळी असते. जोड गळला तर गॅस तिथून बाहेर पडावा म्हणून ही रचना. अमेरिकेतल्या बोटींची मानकं ठरवणारी संस्था, एबीवायसी, आमच्या ॲनापोलिसलाच आहे. तिच्या मानकानुसार ही नळी आतून किमान अर्धा इंच आणि तिचं तोंड बोटीत उघडणाऱ्या कोणत्याही भोकापासून किमान 20 इंच लांब हवं. हे माप स्वतः टेप लावून पाहा. माझ्या बोटीवर आधीच्या मालकाने ती नळी बुजवून कपाटात दोरखंड भरले होते.

नळी आणि रेग्युलेटर

इथपर्यंत आलात आणि अजून ज्योत मंद आहे, तर रबरी नळी दुमडून पाहा. बारीक चिरा, चिकटपणा, ग्रिलजवळ करपलेला डाग, काहीही दिसलं तरी बदला. टेप लावायची नाही. रेग्युलेटरच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं श्वासाचं भोक असतं; ते मिठाने किंवा किड्याने बुजलं की आतला पडदा हलत नाही. भोक खाली तोंड करून असावं, म्हणजे पाणी शिरत नाही. रेग्युलेटर उघडून दुरुस्त करायची वस्तू नाही. मी दर पाच वर्षांनी चालू असला तरी नवा लावतो.

इथे थांबा

आतली शेगडीही मंद आहे आणि सिलिंडर भरलेलं आहे, तर कपाटातला मुख्य रेग्युलेटर किंवा विजेचा व्हॉल्व्ह गेलाय. त्या व्हॉल्व्हला बारा व्होल्ट नीट मिळत नसले तर तो अर्धवट वागतो. त्याची वायर दिसायला सोपी आहे, पण गॅसच्या कपाटात विजेचे जोड करणं हौशी माणसाचं काम नाही.

कपाटात दाबाचं मीटर असेल तर महिन्यातून दोनदा ही चाचणी करा: ग्रिल आणि शेगडी बंद, सिलिंडर उघडा, व्हॉल्व्हचा स्विच चालू, काटा पाहा, मग सिलिंडर बंद करा आणि तीन मिनिटं थांबा. काटा जराही उतरला, आणि कपाटातल्या जोडांवर साबणाचा बुडबुडा नाही, तर गळती बोटीच्या पोटातून जाणाऱ्या नळीत आहे. सिलिंडर बंद ठेवा, नळीपासून सोडवून बाहेर ठेवता आलं तर उत्तम, आणि एबीवायसीचं प्रमाणपत्र असलेल्या तंत्रज्ञाला बोलवा. तो येईपर्यंत घरून डबा आणा.

ज्योत नळीच्या बाजूला पेटते आणि नळीचं तोंड सरळ बसवूनही तसंच होतं, तर तो ग्रिल वापरायचा नाही.

आणि आत वास आला तर: सिलिंडर बंद. कोणताही स्विच चालू नाही आणि बंदही नाही, दिवा नाही, बिल्ज पंप नाही, इंजिन नाही. छतावरची झाकणं हाताने उघडा, सगळ्यांना धक्क्यावर उतरवा, लांब जाऊन फोन करा. वास नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका. तो पायाखाली असतो आणि नाक वर असतं. बिल्जमधला सेन्सर म्हणूनच लावायचा.

नवा घेणार असाल तर

दोष कुठे कुठे येतात हे कळलं की निवड सोपी होते. बर्नर एका स्क्रूने निघणारा हवा. सुटे भाग मिळणारी कंपनी हवी. स्टील 316 दर्जाचं घ्या, 304 ला खाऱ्या हवेत तांबूस डाग लवकर पडतात. कठड्याच्या नळीचा व्यास मोजून क्लॅम्प घ्या, पाऊण इंची अंदाजाने आणलेला एक इंची नळीवर बसत नाही. चरबीचा ट्रे खोल हवा, लाटेने बोट कलली की उथळ ट्रे पाण्यात रिकामा होतो आणि मागे तवंग सोडतो. कोळशाचा ग्रिल चवीला अव्वल, पण बोटीवर मी ठेवत नाही: निखारे बंद करायला नॉब नसतो, राख दुसऱ्या दिवशीही गरम निघू शकते, आणि पाऊस आला म्हणून कापडी छताखाली ओढला तर कार्बन मोनॉक्साइड न कळता माणसं घेतो. कणीस मात्र कोळशावरचंच, हे मान्य. मेरीलँडचं पांढरं गोड कणीस गॅसवर भाजून लिंबू, तिखट-मीठ चोळलं की तीन चतुर्थांश मरीन ड्राइव्ह होतं. उरलेला पाव भाग धूर.

नोव्हेंबरमध्ये बोट पाण्याबाहेर काढताना मी बर्नर काढून घरी नेतो. पहिल्या काही वर्षी नेत नव्हतो; कुंभारीण शिरू नये म्हणून नळीच्या तोंडात जुन्या बनियनचा बोळा कोंबून ठेवायचो. एका एप्रिलमध्ये ग्रिल पिवळा जळायला लागला. सिलिंडर बदललं, जेट बुडवला, जोडांना साबण लावला, दोन तास गेले. मग बायकोने विचारलं, ‘ते तुझं बनियन काढलंस का?’